मराठवाड्यात उन्हाळी विज्ञान शिबिर घेताय? या चुका टाळा

वार्षिक परीक्षा संपत आल्या की आता तालुक्याच्या गावांतही उन्हाळी विज्ञान शिबिरांचे फ्लेक्स दिसू लागतात. रोबोटिक्स, रॉकेट, ड्रोन, टेलिस्कोप. ही चांगली गोष्ट आहे. आपल्याकडच्या लेकरांना आधी हे मिळतच नव्हतं. पण शिबिरातून परतलेल्या पोराला ‘काय केलंस रे तिथं?’ असं विचारलं की पुष्कळदा एकच उत्तर येतं, ‘सरांनी करून दाखवलं.’ शिबिराचं नाव ‘कृतीतून विज्ञान’, आणि कृती मात्र सरांची.

हा लेख शिबिर घेणाऱ्या शिक्षकांसाठी आहे, सुट्टीत गावी येऊन काही करू पाहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींसाठी आहे आणि पैसे भरण्याआधी दोनदा विचार करणाऱ्या आईबापांसाठीही आहे. यातल्या बऱ्याच चुका पैशांअभावी होत नाहीत. आधी विचार न केल्यामुळे होतात.

वेळापत्रक मोठ्या शहराचं, ऊन मात्र आपलं

पहिली चूक वेळेची. दहा ते चार असं वेळापत्रक कुठून तरी उचललेलं असतं. एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, कितीतरी दिवस ४२-४३ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या वर्गात दुपारी बाराला मोठ्या माणसाचंही डोकं चालत नाही. तिथं सातवीतल्या पोरीनं बारीक तार सोलावी, ही अपेक्षाच चुकीची.

सकाळी सात ते साडेदहा एवढंच धरा. साडेतीन तास नीट वापरले तर पुष्कळ होतात. आकाशदर्शन किंवा सायकलीची कामं संध्याकाळी साडेपाचनंतर. निवासी शिबिर असेल तर दुपार झोपेची, गोष्टींची, कागदकामाची. दुपार भरून काढण्यासाठी प्रोजेक्टरवर फिल्म दाखवायचा बेत असेल, तर वीज नाही असं समजूनच दुसरा बेत तयार ठेवा.

बरीच लेकरं सकाळी नुसत्या चहा-बिस्किटावर येतात. पहिल्या तासाभरात चक्कर येणारी हीच असतात. आल्या आल्या पोहे, उसळ, निदान शेंगदाणे-गूळ द्या, मग काम सुरू करा. पाण्याचं म्हणाल तर ‘तहान लागली की प्या’ एवढं सांगून भागत नाही. कामात रमलेल्या लेकराला तहान कळतच नाही. दर अर्ध्या तासाला घंटा वाजवा आणि सगळ्यांनी माठापाशी जायचं, असा नियमच करा. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे द्रावण रोज तयार असू द्या. ते बनवणं हाच पहिल्या दिवसाचा मोजमापाचा धडाही होऊ शकतो. एखादं लेकरू डोकं दुखतंय म्हणालं, मळमळतंय म्हणालं, उगाच चिडचिड करायला लागलं, तर त्याला सावलीत आणा, अंग ओलं करा, वारा घाला. बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपतेय असं वाटलं तर तोंडात पाणी ओतू नका. अंग ओलं ठेवतच थेट दवाखाना गाठा. गाडी कुणाची न्यायची, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असावं.

तारखांबद्दलही एक सांगायचं आहे. बीड-धाराशिवच्या भागातली ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गाळप संपलं की गावी परततात. ही लेकरं शाळेपासून कित्येक महिने तुटलेली असतात आणि नेमकी सुट्टीत गावात असतात. शिबिरातल्या काही जागा त्यांच्यासाठी बिनफीच्या राखून ठेवा. घरोघर जाऊन बोलवावं लागेल, कारण फ्लेक्स वाचून ती येणार नाहीत.

महागडं किट म्हणजे शिबिर नव्हे

दुसरी चूक किटची. तयार पेटी आणायची, चित्रात पाहून स्क्रू आवळायचे, गाडी चालली की फोटो काढायचा. त्यात पोरानं ठरवलेलं काहीच नसतं. शिवाय किट महाग, म्हणून पाच-सहा जणांत एक. आणि एक भाग मोडला की सगळं बंद, कारण तो भाग परळीत मिळत नाही, अहमदपुरातही मिळत नाही.

साहित्य असं निवडा जे मोडलं तर चार पावलांवर पुन्हा मिळेल. आपल्याकडं काय कमी आहे? पूल आणि मनोरे बांधायला तुराट्या आहेत, पऱ्हाट्या आहेत, सुतळी आहे, सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले रबर आहेत. तुराटी सरळ असते, हलकी असते, योग्य ठिकाणी तिरकी लावली तर चांगलं वजन पेलते आणि चुकीच्या ठिकाणी लावली तर कडकन मोडते. चौकोन का वाकतो आणि त्रिकोण का वाकत नाही, हे चार तुराट्या आणि सुतळीत कळतं. ग्लू गनवर सगळी भिस्त ठेवू नका. तिला वीज लागते, आणि या उन्हाळ्यात तिचा डिंक लवकर घट्ट होत नाही, पोरं घाईनं हात काढतात आणि सांधा सुटतो. शिवाय भाजतंही. बांधायला शिकवा. बांधलेलं सोडून पुन्हा बांधता येतं, चिकटवलेलं सोडताना मोडतं.

तांब्याच्या तारेसाठी गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं जा. बोअरच्या मोटारी भरणाऱ्या या माणसाकडं नव्या तारेचे उरलेले तुकडे असतात, आणि शब्द टाकला तर तो तासभर येऊन जळालेली मोटार उघडूनही दाखवतो. जळालेली, काळी पडलेली तार मात्र घेऊ नका. तिच्यावरचा मुलामा, म्हणजे वीज अडवणारा पातळ थर, ठिकठिकाणी गेलेला असतो. शेतकऱ्याच्या घरच्या लेकरानं स्टार्टर, ऑटो, थ्री फेज हे शब्द जन्मापासून ऐकलेले असतात. मोटारीच्या आत काय असतं हे पाहताना त्याचे डोळे कसे होतात, ते एकदा बघाच. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करायची हे आयुष्यभर दाखवलं आणि ते सगळं इंटरनेटवर फुकट ठेवलं. तिथून हवं ते घ्या. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली, हातानं वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) असेल तर मुख्याध्यापकांना भेटून सुट्टीत ती वापरायची रीतसर परवानगी मागा.

गट मोठा झाला की हात रिकामे राहतात

साठ लेकरं आणि दोन शिक्षक, या हिशोबात कृती होत नाही, सभा होते. एका मोठ्या माणसामागं आठ, फार तर दहा लेकरं. गट तिघांचा. चौथा आला की तो बघ्या होतो, आणि पाचवा खोड्या काढतो. दुसरीचं पोर आणि नववीचं पोर एकाच टेबलावर बसवू नका. मोठा सगळं ओढून घेतो.

आता एक गोष्ट जी जवळपास प्रत्येक शिबिरात दिसते. गटात दोन मुलगे आणि एक मुलगी असेल तर पेचकस मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात. अक्षर चांगलं म्हणून. तिला कुणी मुद्दाम बाजूला काढलेलं नसतं, पण तीन दिवस तिनं फक्त लिहिलेलं असतं. दर वीस मिनिटांना कामं बदलायची: एक जण बांधणार, एक जण मोजणार, एक जण लिहिणार, घंटा झाली की सरका. याची आठवण तुम्हालाच करून द्यावी लागेल, पोरं आपणहून करत नाहीत.

चाललं नाही की सर धावतात

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. गाडी चालत नाही, मोटार फिरत नाही, पोरगं ओरडतं, ‘सर, ही फिरंना की!’ सर येतात, दोन सेकंदांत तार नीट लावून देतात, मोटार फिरते, टाळ्या. शिकण्याची जी एकमेव वेळ होती, ती सरांनी वापरली. इंजिनिअरचं निम्मं काम म्हणजे बिघाड शोधणं, आणि तेच आपण लेकरांकडून काढून घेतो.

वेळापत्रकातच बिघाडाला जागा द्या. बनवायला चाळीस मिनिटं दिली असतील तर दुरुस्तीला तेवढीच द्या. मदत मागायला आलेल्या गटाला पहिला प्रश्न विचारा: ‘आतापर्यंत काय काय तपासलं?’ दुसरा: ‘आता एकच गोष्ट बदल, कोणती बदलशील?’ दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि ते चाललं, तर कशामुळं चाललं हे कळत नाही. एवढा एक नियम जरी अंगवळणी पडला तरी शिबिराचं सार्थक आहे.

खाली काही नेहमीचे प्रयोग आणि त्यांचे नेहमीचे बिघाड देतो. हे तुम्हाला माहीत असू द्या, म्हणजे पोर चुकीच्या दिशेनं फारच भरकटलं तर त्याला एक प्रश्न विचारून वळवता येईल.

सेफ्टी पिनांची मोटार घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि मुलामा असलेल्या तांब्याच्या तारेची आठ-दहा वेढ्यांची गुंडाळी. दहातल्या आठ मोटारी पहिल्यांदा फिरत नाहीत आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. तांब्यावरचा मुलामा दिसत नाही, कारण त्याचा रंगही तांब्यासारखाच असतो. पोराला वाटतं तार उघडी आहे. सॅंडपेपरनं घासली की तार एकदम गुलाबी, लखलखीत दिसते. तो फरक त्याला बोटावर धरून पाहू द्या. दुसरी गंमत अशी, की एक टोक पूर्ण सोलायचं आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूनं. दोन्ही टोकं पूर्ण सोलली तर अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा धक्का उलटा लागतो आणि गुंडाळी फिरायच्या ऐवजी मागे-पुढे डुलत राहते. ‘डुलते पण फिरत नाही’ असं पोरगं म्हणालं की समजा, इथं घोळ आहे. एवढं करूनही नाही फिरली तर गुंडाळी एका बाजूला जड आहे का पाहा, आणि बोटानं हलकी टिचकी मारून सुरुवात करून द्या. सेल गरम लागत असेल तर लगेच काढून ठेवा.

एलईडी लागत नसेल तर आधी पाय उलटे करून बघा. लांब पाय धन टोकाला. मग सेल मोजा. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास. दीड व्होल्टच्या एका सेलवर दोन्ही लागत नाहीत, कितीही नवा सेल असो. उलट ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला एलईडी थेट जोडला की क्षणात उडतो. मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर घाला.

ही ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी गाड्यांच्या प्रयोगातही घोटाळा करते. व्होल्ट जास्त म्हणजे ताकद जास्त, असा समज असतो. तिच्या आतले सेल अगदी लहान असतात, त्यांना मोटारीला लागेल तेवढा प्रवाह पुरवत राहणं जमत नाही. गाडी जोरात सुटते आणि थोड्याच वेळात धापा टाकते. खेळण्यातल्या छोट्या मोटारीला दोन किंवा तीन पेन्सिल सेल पुष्कळ झाले, आणि ते स्वस्तही पडतात.

बाटलीच्या रॉकेटबद्दल जपून. बाटली कोल्ड्रिंकचीच हवी, कारण ती गॅसचा दाब सोसायला बनवलेली असते. पाण्याची पातळ बाटली फाटते. चरे पडलेली, आठवडाभर उन्हात पडलेली बाटली नको. पाणी एक तृतीयांशच. गच्च भरली तर दाबाला हवाच उरत नाही आणि रॉकेट ओला धप्पा देऊन खाली बसतं. बूच सैल असेल तर दाब व्हायच्या आधीच सुटतं. पंपाची नळी लांब ठेवा, पंप मारणाऱ्याशिवाय सगळे वीस पावलं मागं, आणि रॉकेटवर वाकून पाहायला कुणालाही जाऊ देऊ नका. पाण्याचाही विचार करा. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते लोक विसरलेले नाहीत. टंचाईच्या गावात पाणी उडवणारा खेळ लोकांना खटकतो, आणि खटकायलाच हवा. झाडांच्या आळ्यात पाणी पडेल अशा जागी दोन-तीनच उड्डाणं करा, बाकी वेळ फुग्याच्या रॉकेटवर घालवा.

लिंबू आणि सोड्याचा प्रयोग छापील पुस्तकांत असतो, पण मे महिन्यात लिंबाचा भाव काय असतो ते घरच्यांना विचारा. चिंचेचं कोळ वापरा. चिंच आपल्याकडं नुकतीच झोडपलेली असते, तिच्यातल्या आम्लाशी खाण्याचा सोडा चांगला फसफसतो. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यानं लाल होतो आणि चिंचेच्या कोळानं पुन्हा पिवळा. लाल झाला नाही तर हळद भेसळीची आहे का, हे पोरांनाच शोधू द्या.

लोलकाच्या प्रयोगात एक चूक इतकी नियमित होते की तिची वाट पाहत बसायला हरकत नाही. दोऱ्याला दगड बांधायचा, बांधलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंत एक मीटर. दहा झोक्यांना वीस सेकंद लागायला हवेत. पोरांची घड्याळं अठरा दाखवतात. दोरा लहान, वारा, घड्याळ खराब, सगळी कारणं सुचतात. खरं कारण हे, की दगड सोडताना पोर ‘एक’ म्हणतं. पहिला झोका पूर्ण होऊन परत येतो तेव्हा ‘एक’ व्हायला हवा, सोडताना ‘शून्य’. म्हणजे मोजलेले झोके नऊच. सांगू नका. दोन गटांना एकमेकांचं मोजणं ऐकायला बसवा, पाच मिनिटांत कुणीतरी पकडतंच. मग दोरा पाव मीटर करा, दहा झोके दहा सेकंदांत होतील. लांबी चौथा हिस्सा, वेळ निम्मा. हे पाहून आठवीचं पोर गप्प बसतं, तेव्हा लगेच बोलू नका.

आपल्या भागात जे आहे, तेच सोडून देणं

बाहेरून आणलेल्या कार्यक्रमांत ज्वालामुखीचं मॉडेल असतं, आणि पायाखालचा काळा पाषाण ज्वालामुखीच्याच लाव्ह्याचा आहे, हे कुणी सांगत नाही. मराठवाड्यातला उन्हाळा आणि मराठवाड्यातली जमीन यांनी प्रयोगांची मोठी रास मांडून ठेवली आहे.

शून्य सावलीचा दिवस घ्या. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हा दिवस आपल्याकडं नेमका सुट्टीत येतो: धाराशिवला १२ मे, लातूरला १३ मे, नांदेडला १६ मे, छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याला १९ मेच्या आसपास. जुलैअखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. इथं दोन चुका होतात. पहिली म्हणजे सगळे बरोबर बारा वाजता जमतात. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून आपला खरा मध्यान्ह साधारण सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान होतो. बाराला आलेली पोरं सावली पाहून ‘खोटं आहे’ म्हणत निघून जातात. दुसरी चूक काठीची. ती डोळ्यानं सरळ दिसते, पण एका अंशानं जरी कललेली असेल तर मीटरभर काठीची पावणेदोन सेंटिमीटर सावली पडते. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा आणि काठी दोन बाजूंनी तपासा. बारा वाजून दहा मिनिटांनी बाहेर या, दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करा, साडेबाराला आत. डोक्यावर टोपी किंवा उपरणं हवंच, आणि सूर्याकडं नुसत्या डोळ्यांनी पाहायचं नाही हे बजावून सांगा.

कोरडी हवा हीसुद्धा आपली ताकद आहे. फुगा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग कोकणात पावसाळ्यात फसतो, आपल्याकडं मे महिन्यात झकास जमतो. दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या खालच्या फुगीर टोकाला ओलं फडकं गुंडाळा आणि वारा घाला. दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. माठ आणि कूलर कसे गार करतात याचं मोजलेलं उत्तर मिळतं. मग पावसाळ्यात कूलर का चालत नाही, हे पोर स्वतःच सांगतं. थर्मामीटर पाऱ्याचा नको, फुटला तर पारा गोळा करणं अवघड आणि त्याची वाफ विषारी.

पाण्याचं शास्त्र शिकायला छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आहे. दूरच्या डोंगरातून खापराच्या नळांनी पाणी आणून, त्याच्या जोरावर जातं फिरवणारी यंत्रणा. आधी ती दाखवा, मग नळी आणि दोन बादल्या देऊन एकीतलं पाणी नळीनं दुसरीत न्यायला सांगा. नळीतून पाणी चढेना तर आत हवेचा बुडबुडा अडकलाय का, आणि दुसरं टोक पहिल्या बादलीतल्या पाण्याच्या पातळीच्या खाली आहे का, एवढं पाहायचं. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि लोलकासारखे टांगलेले आरसे. त्यांच्यातलं अंतर अणूच्या केंद्रकाहूनही कितीतरी कमी बदललं तरी ते पकडायचं. हिंगोलीच्या पोरांनी दोऱ्याला दगड बांधल्यावर ही गोष्ट त्यांना सांगायला हवी. त्यांच्याच जिल्ह्यातली आहे.

भूकंपाचा प्रयोग करताना मात्र भान ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड छत अंगावर आलं. गोट्यांवर ट्रे ठेवून, बाजूंना रबर बांधून हलतं टेबल करता येतं. त्यावर मातीत खडे रचून एक घर, आणि तसंच दुसरं, पण भिंतीभोवती दाराच्या वरच्या पातळीला सुतळीचा घट्ट पट्टा बांधलेलं. दोन्ही हलवा. पट्टा भिंतींना एकत्र धरून ठेवतो, खऱ्या घरात तेच काम काँक्रीटची पट्टी करते. लातूर-धाराशिवमध्ये कुणाच्या तरी घरात त्या रात्रीची आठवण असतेच. घर पडलं म्हणून टाळ्या वाजवू देऊ नका. गावातल्या एखाद्या आजोबांना बोलवा आणि त्यांना बोलू द्या, मग प्रयोग करा. पोरांचे प्रश्न वेगळेच येतात.

जिथं चुकायला जागाच नाही

घरातली २३० व्होल्टची वीज प्रयोगांच्या जोडणीत वापरायचीच नाही, सगळं सेलवर. शेतातल्या स्टार्टरला हात लावायची सवय असलेल्या धीट लेकरांना हे पुन्हा पुन्हा सांगा. बटणासारखे छोटे सेल मोजून द्या, मोजून परत घ्या. लहान पोरानं गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, त्यामुळं संशय आला तरी थेट दवाखाना. जुन्या मोबाईल-लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून सेल काढू नका.

कळीचा चुना नकोच. पाणी पडलं की तो उकळतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून डोळ्यात गेल्याचे प्रकार होतात. चुन्याची निवळी हवी असेल तर ती मोठ्यांनी आदल्या दिवशी करून ठेवावी. सोल्डरिंग आठवीच्या पुढच्यांसाठी, व्हरांड्यात, चष्मा लावून, आणि नंतर साबणानं हात धुतल्याशिवाय नाश्त्याला हात लावायचा नाही.

बंद असलेली शाळेची खोली पहिल्या दिवशी पोरांना झाडायला लावू नका. मोठ्यांनी आदल्या दिवशी बाकं हलवून, कोपरे काठीनं खडखडवून पाहावं. विंचू असतात, सापही असतात. आणि मे महिन्यात दुपारनंतर अवकाळीचं आभाळ भरून आलं, गडगडाट ऐकू आला, की मैदानावरचं सगळं आहे तिथं टाकून पक्क्या इमारतीत. झाडाखाली अजिबात नाही.

शेवटच्या दिवसाचं प्रदर्शन

आईबाप येणार, पाहुणे येणार, म्हणून शेवटचे दोन दिवस मॉडेल रंगवण्यात जातात आणि ऐनवेळी शिक्षकच ती दुरुस्त करतात. त्याऐवजी पालकांना कामाला बसवा. तिघांच्या गटात एक बाप, एक आई, आणि शिकवणारं त्यांचंच लेकरू. सेफ्टी पिनांची मोटार बापाला जमेना आणि पोरगी म्हणते, ‘बाबा, मुलामा घासला का?’, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र छापता येत नाही. मोडलेले पूलही मांडा, शेजारी चिठ्ठी: कुठं मोडला, किती वजनाला मोडला, पुढच्या वेळी काय बदलणार.

पालकांनी पैसे भरण्याआधी आयोजकांना चार गोष्टी विचाराव्यात. एका शिक्षकामागं किती लेकरं? माझं लेकरू स्वतःच्या हातानं रोज काय बनवेल? ते बिघडलं तर काय करता? दुपारी लेकरं कुठं असतात? उत्तरं गुळमुळीत आली तर पैसे वाचवा. आणि घरी आलेल्या पोराला ‘काय बनवलंस?’ असं विचारण्याआधी ‘काय चाललं नाही?’ हे विचारा. ते जास्त वेळ बोलेल.

आयोजकांनी शिबिर संपताना उरलेल्या तारा, सेल, चुंबकं, सॅंडपेपर, ओळंबा असं सगळं एका पत्र्याच्या पेटीत भरून ती त्याच गावच्या शाळेत ठेवावी. किल्ली एका शिक्षकाकडं आणि दोन मोठ्या मुलींकडं. सोबत बिघाडांची वही: कोणत्या प्रयोगात काय अडलं, कशानं सुटलं, कोणतं साहित्य कुठल्या दुकानात मिळालं, काय भावानं. पुढच्या वर्षी शिबिर कुणी दुसरं घेणार असेल तर त्यानं सुरुवात त्या वहीपासून करावी.